सोफा आधी पालथा करा

नांदेड जिल्ह्यातल्या हदगावात फक्त सोफा दुरुस्त करणारं दुकान शोधत निघालात तर बराच वेळ फिरावं लागेल. ज्या दुकानात मोटारसायकलची सीट शिवून मिळते, ट्रॅक्टरच्या सीटवर नवं रेक्झिन चढतं, दवाखान्यातल्या तपासणी टेबलाची गादी बदलून मिळते, त्याच दुकानापुढे आपला सोफाही टेम्पोतून उतरतो. तो उतरेपर्यंत घरच्या मंडळींचे डोळे कापडाच्या नमुन्यांकडे गेलेले असतात. मरून घ्यावं की करडं, मखमल की जूट, मळेल का, धुता येईल का. आमचा सोफा नेला तेव्हा आम्हीही हेच विचारत होतो. दुकानातले वयस्कर चाचा काही बोलले नाहीत. त्यांनी दोन पोरांना हाक मारली, सोफा पालथा घातला आणि खालचं काळं कापड एका बाजूने उचकटलं. मग म्हणाले, "आधी पोट बघू भाऊ. कापडाचं शेवटी."

तेव्हापासून जुन्या खुर्च्या-सोफ्यांकडे मी खालून बघायला लागलो. बैठकीचं आयुष्य कापडावर ठरत नाही. ते कापडाखालच्या पाच-सहा थरांवर ठरतं, आणि जुन्या कारागिरांनी हे थर एकेक करून उघडता येतील असे रचलेले असतात. उघडता येतं म्हणूनच दुरुस्त करता येतं. आत जे आहे ते तसंच ठेवून वर नवं कापड ताणलं, तर पैसे पाण्यात गेले. आमच्याकडे एकदा तसंच झालं होतं. खड्डा पडलेल्या बैठकीवर एका कारागिराने नुसता फोमचा थर टाकून वरून चकचकीत रेक्झिन ओढलं. पाडव्याला सोफा नव्यासारखा दिसत होता, दसऱ्यापर्यंत खड्डा जिथल्या तिथे परत आला. फोम बिचारा खालच्या खड्ड्याचाच आकार घेऊन बसला होता.

पालथ्या सोफ्याच्या पोटावरचं काळं किंवा पांढरं पातळ कापड फक्त धूळ अडवायला असतं. ते काढलं की नवार दिसते. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला नवारीचं तत्त्व वेगळं शिकवावं लागत नाही, कारण आपण बाज पाहिलेली आहे. चार खूर, चार गाते आणि मधे अंबाडीच्या नाहीतर सुंभाच्या दोरीचं विणकाम. झोपणाऱ्याचं वजन दोरी पेलते, लाकूड दोरीला धरून ठेवतं. दोरी सैल पडली की पायथ्याकडून ओढून ताणायची. सोफ्याच्या पोटातही हेच चालतं. दोन-तीन इंच रुंदीचे ज्यूटचे किंवा सुती पट्टे उभे-आडवे, एकाखालून एकावरून विणलेले, आणि प्रत्येक पट्टा चौकटीला चुका मारून घट्ट बसवलेला. पट्टा हाताने ओढून पुरेसा ताण येत नाही. कारागीर त्याला एका फळकुटात अडकवून चौकटीच्या कडेवर रेटतो आणि तरफेच्या जोराने ताणतो. टोक दुमडून चुका मारताना त्या सरळ रेषेत मारत नाहीत, वरखाली मारतात, कारण एका रेषेत पाच चुका बसल्या तर लाकूड त्याच रेषेत उकलतं.

बसलेला सोफा म्हणजे गेलेली स्प्रिंग, असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा स्प्रिंग शाबूत असते आणि तिच्या खालची नवार कुजलेली किंवा तुटलेली असते. ज्यूटला ओल आणि कोरडेपणा आलटून पालटून सोसत नाही, आणि आपल्याकडे तर दोन्हींची पराकाष्ठा आहे. पोलादी स्प्रिंग मात्र गंजली नसेल तर माणसाचं आयुष्य काढते. म्हणून जुन्या स्प्रिंगा भंगारात द्यायची घाई करू नये. प्रत्येक स्प्रिंग तळहाताने सरळ खाली दाबावी. ती तिरकी न जाता दबली आणि सोडल्यावर पुरती वर आली, तर पुन्हा वापरायची.

युरोपात स्प्रिंगची बैठक एकोणिसाव्या शतकात रुळली आणि साहेबांबरोबर आपल्याकडे आली. तिचं सगळं कसब बांधणीत आहे. प्रत्येक स्प्रिंगचं बूड दाभणाने नवारीला शिवायचं. मग वरच्या कड्याला सुतळी बांधून ती पुढे-मागे, डावी-उजवी आणि दोन्ही तिरप्या दिशांनी शेजारच्या स्प्रिंगांना आणि चौकटीला बांधायची. म्हणजे एका स्प्रिंगला आठ बाजूंनी ताण. प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र गाठ मारायची, नुसता वेढा द्यायचा नाही. सुतळी एका ठिकाणी तुटली तरी बाकीच्या गाठी धरून राहाव्यात हा त्यामागचा हिशेब. मधल्या स्प्रिंगा थोड्या उंच, कडेच्या थोड्या खाली बांधल्या की बैठकीला मधे हलका फुगवटा येतो आणि माणूस कडेला घसरत नाही. हे काम घाईत होत नाही, म्हणून ते मागे पडत चाललंय. आता बहुतेक ठिकाणी नागमोडी तारेच्या स्प्रिंगा ठोकतात किंवा रबरी पट्टे ताणतात. रबरी पट्ट्याची कल्पना इटलीतल्या पिरेल्ली या टायर कंपनीची, विसाव्या शतकाच्या मध्यातली. चांगला पट्टा चांगलं काम देतो. बाजारात मिळणारा हलका पट्टा मात्र दोन उन्हाळ्यांत कंबरपट्ट्यासारखा लोंबतो.

स्प्रिंगांवर गोणपाट. त्यावर काथ्या. काथ्यावर पिंजलेला कापूस. हा क्रम असाच का, हे समजून घ्यावं. नारळाचा काथ्या ताठ असतो, दाबला तरी उसळतो, म्हणून तो खाली. पण तो टोचतो. कापूस मऊ असतो पण बसतो, त्याच्या तंतूंच्या गाठी होतात, म्हणून तो वर आणि पातळ. एकट्या कापसाची बैठक वर्षभरात दगड होते, एकट्या काथ्याची बैठक पाठीला बोचते. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात.

खुर्ची हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून आपल्याकडे आला आणि सोफाही अरबी 'सुफ्फा'वरून. सुफ्फा म्हणजे अंथरूण घातलेला उंचवटा. आपल्या ओसरीवरच्या बैठकीचाच तो भाऊबंद. गादी, लोड आणि तक्क्या होतेच, सोफ्याने त्यांना फक्त पाय लावले. म्हणून आपल्या भागात सोफा बनवणं ही दोन जुन्या धंद्यांची सोयरीक आहे. चौकट सुताराची, पोट पिंजाऱ्याचं. नांदेड जिल्हा कापसाचा. कापूस संशोधन केंद्र नांदेडात, 'नांदेड-४४' वाण नांदेडच्या नावाचं, एकेकाळी उस्मानशाही मिलही नांदेडातच चालायची. त्यामुळे गाद्या आणि बैठका भरायला इथे कापूस कधी कमी पडला नाही. पिंजणीचा तो 'टंग्-टंग्' आवाज आता ऐकू येत नाही, पिंजायचं मशीन आलं, पण जुना कापूस पुन्हा पिंजून घ्यायची रीत टिकून आहे. सोफ्यातून निघालेला कापूस टाकून देऊ नका. तो कुजका किंवा बुरशीचा नसेल तर उन्हात घालून पिंजून आणा. अडकलेले तंतू सुटले की तो पुन्हा फुलतो. सोफा उघडताना तोंडाला रुमाल मात्र बांधा. वीस-तीस वर्षांची धूळ आत बसलेली असते.

थर काढता काढता शेवटी लाकूड उघडं पडतं. इथे मात्र थांबून नीट बघायला हवं.

नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येला किनवट-माहूरचं सागाचं जंगल आहे. हदगावहून हिमायतनगरकडे आणि पुढे किनवटकडे निघालं की काळ्या रानातून डोंगर लागतात आणि साग दिसायला लागतो. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतल्या, कचेऱ्यांतल्या, वकील-डॉक्टरांच्या घरांतल्या खुर्च्या सागाच्या असण्याचं हे साधं कारण. सागाच्या गाभ्यात तेल आणि टेक्टोक्विनोन नावाचं द्रव्य असतं, वाळवीला ते सोसत नाही. पण हे फक्त गाभ्याला लागू. सालीलगतचा फिकट पांढुरका भाग कीड आवडीने खाते. म्हणून जुनी चौकट तपासताना फिकट पट्ट्यांकडे आधी बघायचं. टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर त्यांच्याखाली कागद पसरून दोन दिवस ठेवा. ताजा पिवळसर भुसा पडला तर कीड आत जिवंत आहे आणि तो भाग बदलायला हवा. काही पडलं नाही तर भोकं जुनी आहेत, भरून टाकली की झालं.

आमची खुर्ची उन्हाळ्यात का कुरकुरते आणि पावसाळ्यात का गप्प होते, हे कोडं मला बरीच वर्षं होतं. लाकूड झाड असताना ज्या दिशेने वाढतं त्या लांबीत ते जवळजवळ आकसत नाही. रुंदीत मात्र हवेच्या ओलीप्रमाणे फुगतं आणि आकसतं. साग या बाबतीत शहाणा आहे, तरी चार इंच रुंदीची पट्टी आपल्या वैशाखातून श्रावणात जाताना एखादा मिलिमीटर बदलतेच. आता खुर्चीचा सांधा बघा. आडव्या पट्टीचं टोक पायाच्या खोबणीत शिरलेलं असतं. टोक रुंदीत आकसतं, पण खोबणी पायाच्या लांबीत खोदलेली असते, ती त्या दिशेने हलत नाही. दोघांच्या मधे सरसाचा पातळ थर. वर्षातून एकदा हा थर ओढला जातो, एकदा दाबला जातो. चाळीस-पन्नास उन्हाळ्यांनंतर तो तुटतो. लाकूड शाबूत असतं, फक्त हात सुटलेला असतो.

अशा वेळी आपण काय करतो? खिळा मारतो. माझ्या मते जुन्या खुर्चीवर याहून मोठा अन्याय नाही. खिळा सांध्याचं हलणं थांबवत नाही. तो स्वतः त्या भोकात हलत राहतो, भोक मोठं करतो, लाकूड चिरतो आणि ओलीत गंजून सागावर काळा डाग सोडतो. पुढच्या कारागिराला सांधा उघडायचा असेल तर आधी तो खिळा उपटावा लागतो आणि बरोबर लाकडाचा लचकाही निघतो. योग्य रीत अशी. सैल सांधा लाकडी ठोकळा मधे धरून हळूहळू ठोकत पूर्ण सुटा करायचा. प्रत्येक भागावर खडूने खूण करायची, कारण चार पाय दिसायला सारखे असले तरी एकाची जागा दुसऱ्याला येत नाही. जुना सरस खरवडून लाकूड उघडं करायचं, कारण सरसावर नवा गोंद धरत नाही. टोक खोबणीत खुळखुळत असेल तर त्याला सागाचीच पातळ चिपाटी चिकटवून जाड करायचं, कारण गोंद चिकटवतो, पोकळी भरत नाही. मग गोंद लावून सांधा बसवायचा आणि रात्रभर आवळून ठेवायचा.

आवळायला क्लॅम्प नसला तरी अडत नाही. खुर्चीच्या चारी पायांभोवती दोरीचे दोन वेढे घ्यायचे, मधे काठी घालून पीळ द्यायचा आणि काठी पट्टीला अडकवून ठेवायची. पिळाचा जोर चारी सांध्यांवर सारखा पडतो. गोंद ओला आहे तोवर खुर्ची सपाट फरशीवर उभी करून डुगडुगते का ते बघावं, कारण गोंद वाळल्यावर ते दुरुस्त होत नाही.

जुना सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला असायचा. तो गरम करून लावायचा, आणि उष्णता-ओल लागली की पुन्हा सुटायचा. हा त्याचा दोषही होता आणि मोठा गुणही, कारण पुढच्या दुरुस्तीला दार उघडं राहायचं. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आला आणि सुताराची सरसाची शेगडी विझली. पांढरा गोंद मजबूत, लावायला सोपा, वास नाही. मीही तोच वापरतो. पण तो एकदा धरला की सांधा उघडणं फार कठीण होतं, म्हणून लावण्याआधी मापं, काटकोन आणि खुणा दोनदा तपासून घ्याव्यात.

लाकडावरचं पॉलिश हाही वेगळा अभ्यास आहे. जुन्या सागवानी खुर्चीवरचा तो मधासारखा खोल रंग बहुधा लाखेचा असतो. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणाऱ्या किड्याचा स्राव. होळीच्या सुमारास आपल्या माळांवर पेटतो तोच पळस. लाखेचा चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पातळ थर चढवत जायचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. लाखेवर गरम चहाचा पेला ठेवला की पांढरं कडं उमटतं, कारण ओल थरात अडकते. खुर्चीवर लाख आहे की नवं मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश, हे ओळखायला स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस खुर्चीच्या खालच्या न दिसणाऱ्या भागावर अर्धा मिनिट धरा. थर चिकट झाला तर लाख. मग सगळं खरवडायची गरज नाही. स्वच्छ पुसून, हलका पॉलिश पेपर फिरवून, वरून दोन-चार थर दिले की जुनी चमक परत येते. लाख जुन्या लाखेत विरघळून एकजीव होते, मेलामाइन किंवा पीयू तसं होत नाही. मशीन लावून सगळं लाकूड कोरं करण्याची घाई मला पटत नाही. माणसांच्या स्पर्शाने गुळगुळीत झालेल्या खुर्चीच्या हातांचा वरचा अर्धा मिलिमीटर एकदा गेला की गेला. स्पिरिट पेट घेतं, एवढं मात्र लक्षात ठेवा. हे काम चुलीपासून लांब आणि उघड्यावर करायचं.

आता फोम. १९३७ मध्ये जर्मनीत ओटो बायर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉलियुरेथेन शोधलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्याचा मऊ फोम जगभरच्या बैठकांत शिरला. काथ्या-कापूस आणि स्प्रिंगांची सगळी मेहनत एका ठोकळ्याने वाचवली. फोम वाईट नसतो, वाईट फोम वाईट असतो. दुकानदार '३२ डेन्सिटी', '४० डेन्सिटी' म्हणतो तेव्हा तो एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन सांगत असतो. म्हणजे हा दावा काट्यावर तपासता येतो. २२ इंच लांब, २२ इंच रुंद आणि ४ इंच जाड अशी एका माणसाची बैठक घ्या. ३२ डेन्सिटीचा असेल तर ती साधारण एक किलो भरते. पाऊणसुद्धा भरली नाही, जेमतेम पावणेसहाशे ग्रॅम निघाली, तर तो १८ डेन्सिटीचा माल आहे. शेजारच्या किराणा दुकानाचा काटा या कामाला पुरतो. बैठकीला ३२ ते ४०, पाठीला त्याहून हलका चालतो. आणि डेन्सिटी म्हणजे कडकपणा नव्हे. जड फोमही मऊ असू शकतो, हलका फोमही कडक करता येतो, म्हणून फक्त अंगठा दाबून पारख होत नाही. फोम कव्हरपेक्षा अर्धा इंच मोठा कापावा, म्हणजे कापड ताठ राहतं आणि सुरकुत्या पडत नाहीत.

फोमचा मोठा शत्रू उजेड आणि उष्णता. खिडकीतल्या उन्हाने तो पिवळा पडतो आणि शेवटी चुरा होऊन गळतो. ज्या जुन्या सोफ्यात स्प्रिंग आणि काथ्या चांगल्या अवस्थेत आहेत, तिथे ते काढून फोमचा ठोकळा घालावा असं मला कधीच वाटलं नाही. वर इंचभर फोम किंवा रेक्रॉनचा (पॉलिस्टर तंतूंचा) थर घालावा, पोट मात्र जुनंच राहू द्यावं.

आणि मग कापड. जुनं कव्हर काढताना ते फाडू नका. शिवण उसवून प्रत्येक तुकडा सुटा करा, कुठला पुढचा, कुठला हाताचा, वरची बाजू कोणती, हे त्यावर खडूने लिहा. नवं कापड बेतायला तेच तुकडे माप म्हणून वापरायचे असतात. मखमलीची लव एका दिशेला असते, एक तुकडा उलटा लागला की तोच गडद दिसतो. फुलांची किंवा पट्ट्यांची नक्षी असेल तर प्रत्येक बैठकीच्या मध्यावर ती यायला हवी, त्यासाठी कापड जास्त लागतं. किती घासल्यावर कापड झिजतं हे मोजायची मार्टिंडेल नावाची चाचणी आहे, १९४० च्या दशकात इंग्लंडमध्ये निघालेली. चांगल्या कापडाच्या नमुन्यामागे तो आकडा छापलेला असतो. घरच्या रोजच्या वापराला २०,००० च्या पुढचा घ्यावा.

हदगावच्या हवेत मी जाड सुती कापड निवडेन. रेक्झिन हे मुळात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातल्या एका कंपनीच्या मालाचं नाव. आपण ते प्लॅस्टिकचा मुलामा दिलेल्या कोणत्याही कापडाला लावून मोकळे झालो. त्या मुलाम्याला मऊ ठेवणारं द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून जातं आणि तो कडक होऊन तडकतो. ४३-४४ अंशांच्या दुपारी त्यावर बसलं की घाम आत जात नाही, बाहेर येत नाही. दवाखान्याला, मोटारसायकलला ते योग्य. घरात काळ्या मातीची बारीक धूळ रोज येते, ती कापडाच्या तंतूंत बसून कानशीसारखी घासते, म्हणून चेन लावलेलं, काढून धुता येणारं कव्हर शिवून घ्यावं. कडेला वेगळ्या रंगाची मगजी दिली की शिवण झाकते आणि कडा झिजत नाही.

सगळेच सोफे वाचवण्यासारखे नसतात. समोरचा एक पाय सहा इंच उचलून बघा. तोवर समोरचा दुसरा पायही उचलला गेला असेल तर चौकट ताठ आहे. तो जमिनीवरच राहिला आणि सोफा पिळला, तर आत बहुधा खोक्यांच्या लाकडाच्या पट्ट्या किंवा भुशाचं बोर्ड असतं, पिना मारून जोडलेलं. भुशाच्या बोर्डात चूक दुसऱ्यांदा धरत नाही. त्यावर खर्च करू नये. उलट, आजोबांच्या वेळची चौकट कितीही कळकट दिसली, तरी ती सागाची आणि सांध्याची असेल तर ती ठेवा. दुरुस्तीचा खर्च नव्या हलक्या सोफ्याच्या आसपास गेला तरी ठेवा.

शेवटी वेताची खुर्ची, कारण माझा जीव तिच्यात आहे. तहसील, कोर्ट, शाळा, पोस्ट, जिथे जिथे हैदराबाद संस्थानाच्या आणि पुढे १९४८ नंतरच्या काळातल्या कचेऱ्या होत्या, तिथे सागाच्या चौकटीत विणलेल्या वेताच्या बैठका होत्या. उन्हाळ्यात पाठीला वारा लागायचा, उशी लागायची नाही, धूळ खाली गळून जायची. वेत म्हणजे काटेरी, वेलीसारखा चढत जाणारा ताडाचा भाऊबंद. त्याच्या चकचकीत सालीच्या पट्ट्या काढतात. चौकटीच्या कडेला सारख्या अंतरावर भोकं असतात. आधी मागून पुढे एक फेर, त्यावर आडवा, मग पुन्हा उभा, मग आडवा पण आता खालून-वरून विणत, आणि त्यानंतर दोन्ही तिरपे. सहा फेरांनंतर अष्टकोनी जाळी तयार होते. कडेच्या भोकांवर शेवटी एक जाड पट्टी बांधून घेतात. पट्ट्या पाण्यात भिजवून ओल्या विणायच्या, वाळल्या की त्या आपोआप ताणतात. भोकं नसून कडेला खाच असेल, तर मशीनवर विणलेली जाळी खाचेत दाबून बसवलेली आहे, ती बदलणं सोपं.

हे काम पाहण्यापेक्षा मोजण्याचं आहे, बोटांचं आहे. देशभरच्या अंधशाळांत वेताची बैठक विणणं हा शिकवला जाणारा ठरलेला व्यवसाय होता, आणि सरकारी कचेऱ्यांतल्या खुर्च्या विणायचं काम अंध कारागिरांकडे जायचं. कचेऱ्यांत गुबगुबीत चाकाच्या खुर्च्या आल्या तसं ते काम आटलं. गावोगाव वेताच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी आली किंवा सरळ प्लायचा तुकडा ठोकला गेला. ज्या खुर्चीत प्लाय ठोकलाय तो उचकटून बघा, कडेची भोकं बहुतेक वेळा तशीच असतात.

या खुर्चीचं मोल किती, हे चंडीगडने दाखवलं. १९५० च्या दशकात ते शहर वसवताना वास्तुविशारद ल कॉर्बुझिए याचा चुलतभाऊ पिअर जनरे याने तिथल्या कचेऱ्यांसाठी साग आणि वेताच्या खुर्च्या आखल्या. साग आणि वेत, आपल्या तहसिलीतलंच साहित्य. पुढे त्या मोडक्या ठरवून गच्च्यांवर टाकल्या, भंगाराच्या लिलावात किरकोळ पैशांत विकल्या. परदेशी व्यापाऱ्यांनी त्या विकत घेतल्या, नवा वेत विणून घेतला, लाकूड पुसलं आणि युरोप-अमेरिकेच्या लिलावांत लाखो रुपयांना विकल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाला या वारशाच्या वस्तूंच्या निर्यातीवर बंदीचा आदेश काढावा लागला. तोपर्यंत कित्येक खुर्च्या गेल्या होत्या. आपल्या कचेऱ्यांतल्या खुर्च्यांना कोणा नामवंताची आखणी नाही, त्यांचा लिलाव पॅरिसमध्ये होणार नाही. पण निर्लेखनाच्या यादीत 'मोडकी खुर्ची' लिहिण्याआधी साहेबांनी ती एकदा पालथी करून लाकूड बघावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

इराणी हॉटेलांतली वाकवलेल्या लाकडाची खुर्चीही याच घराण्यातली. अशा खुर्च्यांतली मायकेल थोनेटची १८५९ ची १४ नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. बैठक वेताची. पाय मोडला की पाय बदला, वेत तुटला की वेत विणा.

तुमच्या घरात वेताची खुर्ची असेल, वेत तुटलेला नसेल पण मधे झोळ पडला असेल, तर कोणाला बोलवायच्या आधी एक करून बघा. संध्याकाळी खुर्ची ओसरीवर उलटी ठेवा. गरम पाण्यात जाड फडकं भिजवून, पिळून, वेताच्या खालच्या बाजूवर तासभर पसरून ठेवा. वरच्या बाजूची चकचकीत साल पाणी घेत नाही, खालची घेते. मग फडकं काढून खुर्ची सावलीत वाळू द्या, उन्हात नको, आणि पूर्ण वाळेपर्यंत पोरांना तिच्यावर बसू देऊ नका. दुसऱ्या दिवशी ती सुलटी करून मधोमध टिचकी मारा. वेत ताणला गेला असेल तर हलगीसारखा आवाज येतो.